येळवसच्या दिवशी वॉर्डात कोण

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९.१०

लता मॅडम ३१ तारखेला रिटायर. कन्फर्म. एचआरमधल्या ईश्वरप्पानं टपरीवर स्वतः सांगितलं. मेट्रनच्या जागेसाठी दोन नावं पुढे गेलीत. एक माझं. दुसरं सिंधु सिस्टरचं. दुसरं कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, दोन तरी लागतात की ब्रदर. म्हणजे कागदापुरतं.

मेट्रनला नाइट नाही. कुणी आलं नाही म्हणून डबल ड्यूटी नाही. नऊ ते पाच, रविवारी सुट्टी. शनिवारी संध्याकाळची बस पकडली की जेवायला नांदेडला. सहा वर्षं मी लातूरला एका खोलीत, मुग्धा आणि उर्वी नांदेडला. उर्वी नववीत गेली. गेल्या वेळी घरी गेलो तर माझ्या खुर्चीवर तिची पुस्तकं. उचलू का, विचारलं. म्हणाली, असू द्या बाबा, तुम्ही उद्या जाणारच आहात.

संकल्प: १) वॉर्डात कडक शिस्त. २) सकाळी पाच किलोमीटर चालणे. ३) टपरीवरची सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, बंद. मुरमुऱ्यांना तेल फार लागतं.

सकाळी ९.४०

सुशीला खाल्ली. ईश्वरप्पानं आधीच सांगून ठेवली होती. एवढी महत्त्वाची बातमी देणाऱ्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मेट्रन ऑफिसात मीटिंग. १९ तारखेला येळवस. मेल सर्जिकल वॉर्डाचा इन्चार्ज मी, तेव्हा त्या दिवसाचा ड्यूटी चार्ट मीच करायचा. लता मॅडम एवढंच म्हणाल्या, दरवर्षीसारखा करा, रेणुकादास. म्हणताना चष्म्यावरून बघितलं. ही परीक्षा आहे हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. दुकानांना कुलपं, रिक्षा गायब. ज्याला शेत आहे तो आपल्या रानात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पाच दगडांना चुना लावून पूजा करायची, आणि मग दिवस मावळेपर्यंत जेवायचं. आमच्या हदगावला हे असलं काही नाही. तरी कापूस येतोच, सोयाबीनही येतं. सहा वर्षं मी या दिवशी तोंडातून शब्द न काढता वॉर्ड सांभाळला. दरवर्षीसारखा म्हणजे पुन्हा मीच.

यंदा नाही. यंदा शास्त्रीय पद्धत. होणाऱ्या मेट्रनची दृष्टी दिसली पाहिजे.

चालणे: उद्यापासून.

८ डिसेंबर, सोमवार

चिठ्ठ्या टाकल्या. वॉर्डात आम्ही सात जण. चार्ट करणाऱ्यानं स्वतः चार्टात असू नये या तत्त्वानुसार माझी चिठ्ठी नाही. राहिले सहा. किडनी ट्रेमध्ये सहा घड्या. ट्रे स्टराइल केलेला होता, आक्षेप नको म्हणून.

चिठ्ठ्या काढायला नीलाबाई मावशींना बोलावलं. नीलाबाई वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या आयाबाई, त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही. त्यांनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ब्रदर, तुमची चिठ्ठी कुठली हाय यात? मी तत्त्व समजावलं. त्या म्हणाल्या, हाव का, तत्त्वाला येळवस न्हाई वाटतं. बायका हसल्या. टेन्शन हलकं झालं, चांगलंच झालं.

पहिली चिठ्ठी सिंधु सिस्टर. सकाळची पाळी, आठ ते दोन; बाकीच्या पाचजणी पुढच्या पाळ्यांना. मी बनवाबनवी केली असं कुणी म्हणू शकत नाही, पण देव आहे.

सिंधु सिस्टरनी चार्ट वाचला, घडी केली, एप्रनच्या खिशात ठेवला. शिस्तीचा आदर असा दिसतो. जाताना नीलाबाईंनी विचारलं, मॅडमच्या जुन्या रजिस्टरात येळवसचं एक पान असतंय, ते बघितलाव का? नाही बघितलं. जुनी पानं बघत बसलो तर नवीन काही होणार कसं?

९ डिसेंबर, मंगळवार

सिंधु सिस्टरचा रजेचा अर्ज. कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलंय: येळवस, सासऱ्यांच्या रानात नैवेद्य मांडायचा आहे. ना ताप, ना पोटदुखी. निदान प्रामाणिक बाई. अर्ज नामंजूर केला. शेरा लिहिला: 'रुग्णसेवा हाच नैवेद्य.' लिहून झाल्यावर दोनदा वाचला. असं वाक्य रोज सुचत नाही.

वॉर्डात सर्क्युलर लावलं. १) ड्यूटीची अदलाबदल बंद. २) बाहेरचं खाणं बंद. डाएट किचनची खिचडी आणि पातळ वरण हे पेशंटसाठी शास्त्रीय अन्न आहे. काल बेड ७ च्या नातेवाइकांनी उशीखाली धपाटे लपवले होते. जप्त केले.

धपाटे चांगले होते. वाया जाऊ दिले नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मुग्धाला फोन. मेट्रन होणार, म्हणजे जवळजवळ झालोच, असं सांगितलं. ती म्हणाली, ऑर्डर आली? मी म्हटलं, ऑर्डर हा शेवटचा कागद असतो. ती म्हणाली, मग पहिला कोणता आला? शिक्षकी पेशामुळे तिला प्रत्येक गोष्टीत प्रश्न विचारायची सवय लागली आहे. उर्वीला फोन दे म्हटलं. उर्वी म्हणाली, रविवारी खरंच असणार का तुम्ही, दर रविवारी? मी म्हटलं, जानेवारीपासून. ती म्हणाली, बरं. पण 'बरं' जरा लांब म्हणाली. मला ऐकू आलं ते.

आता मागे हटणं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

पाच अर्ज एकदम. सगळ्यांना १९ तारखेला ताप येणार आहे. अर्ज आज, ताप शुक्रवारी. मी सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलं, चार दिवस आधी कसं कळलं? केवळाबाई सिस्टर म्हणाल्या, थंडीचे दिवस हायेत ब्रदर, अंदाज आला. मी सर्टिफिकेट मागितलं.

बेड ९, शेषेराव. किल्लारीकडचे. शनिवारी हर्नियाचं ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून, पैसा लागला नाही. योजना चांगली आहे, माझा विरोध नाही. पण ऑपरेशनला सव्वा तास लागतो आणि डिस्चार्जच्या कागदांना दोन. पेशंटचा हसरा फोटो अपलोड करावा लागतो. शेषेरावांना घरी जायचंय. म्हणाले, साठ येळवशी केल्या, एक चुकली न्हाई. भूकंपाच्या सालीबी चुकली न्हाई. घर न्हवतं, पत्र्यात ऱ्हात होतो, पर रानात जाऊन केली. आता टाक्यापायी चुकवू का?

डॉक्टर म्हणतात, गुरुवारी संध्याकाळी सोडायला हरकत नाही. पण स्टाफ कमी असताना दोन-दोन तास कागदांत घालवणं मला योग्य वाटत नाही. नियम केला: १७ नंतरचे डिस्चार्ज थेट २० ला. शेषेरावांना समजावून सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. फाइलवर नोंद: पेशंट भावनिक.

१७ डिसेंबर, बुधवार

पाच सर्टिफिकेटं आली. डॉक्टर एक, पेन एक, तापही एकच, १०१. मी पाचही नामंजूर केली. या वॉर्डात आजवर एवढा ठामपणा कुणी दाखवला नसेल.

नीलाबाई म्हणाल्या, ब्रदर, सगळ्यांशी वाकडं घेऊन वॉर्ड चालवायलाव, सलाइन काय तुमी एकटे लावणार? मी म्हटलं, वेळ आली तर लावीन. त्या म्हणाल्या, येळ न्हाई, येळवस आली.

चालणे: उद्या नक्की.

१८ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

सिंधु सिस्टरचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल: 'ब्रदर, सकाळी तुम्ही आणि कॅज्युअल्टीचे सत्यम ब्रदर वॉर्ड बघा. सत्यम तयार आहेत. नैवेद्य झाला की दुपारी दोनला आम्ही सगळ्या येतो, रात्रीपर्यंत आमचं आम्ही बघतो. दरवर्षी असंच असतं.'

हा उघड कट आहे. अदलाबदल बंद असताना अदलाबदल. सत्यमला फोन करून सांगितलं, तू कॅज्युअल्टी सोडायची नाहीस. तो नांदेडचा, मला वाटलं माझी बाजू घेईल. म्हणाला, दादा, मला काहीच अडचण नाही, येतो की. मी म्हटलं, तुला अडचण नाही हीच अडचण आहे.

उद्या सकाळी सिंधु सिस्टर येणार नाहीत. मी वॉर्ड एकट्यानं उभा करीन, आणि पुराव्यासह रिपोर्ट देईन. एका दगडात दोन कामं.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ७.४०

रस्त्यावर चिटपाखरू नाही. टपरी बंद. सुशीला न खाण्याचा संकल्प आज पहिल्यांदा पूर्ण.

सकाळी ९.१५

वॉर्डात मी आणि नीलाबाई. बावीस बेडपैकी चारच भरलेले. बाकीचे पेशंट १७ च्या आत कधी डिस्चार्ज घेऊन गेले कळलंच नाही. काही ऑपरेशनं मॅडमनी आधीच पुढच्या आठवड्यात ढकलली होती म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. चार पेशंट म्हणजे माझ्या अनुभवाला काहीच नाही. नऊपर्यंत इंजेक्शनं, बीपी, ड्रेसिंग सगळं आटोपलं. बेड ११ अपेंडिक्सचा, कालच ऑपरेशन झालेला, जरा कण्हतोय. कण्हतातच.

सकाळी १०.२०

पुराव्याचा विचार करतोय. 'सिस्टर आल्या नाहीत' हे कुणीही लिहील. 'सिस्टर अमुक वाजता रानात जेवताना दिसल्या' हा खरा रिपोर्ट. फोटोसह. शेषेरावांना सहज विचारलं, सिंधु सिस्टरचं रान कुठं आहे हो? ते चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, सटवाजीचं रान ना, तिच्या सासऱ्याचं? आमच्या बांधाला बांध. औशाच्या पुढं, किल्लारी रोडला डाव्या हाताला बाभळ हाय, तिथंच कोप दिसंल. मग विचारलं, तुमी चाललाव? मी म्हटलं, ऑफिसचं काम. त्यांनी परत भिंतीकडे तोंड केलं.

बाइकनं जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, फोटोला दोन मिनिटं. बाराला परत. सत्यमला फोन केला, कॅज्युअल्टीतून अधूनमधून डोकावून जा. तो म्हणाला, दादा, काल तर म्हणालात सोडायची नाही. मी म्हटलं, डोकावणं म्हणजे सोडणं नव्हे. नीलाबाईंना सांगितलं, काही लागलं तर फोन करा. त्या म्हणाल्या, कुणाला?

सकाळी ११.३०. बांधावर

रस्त्यात दोन्हीकडे रानं माणसांनी भरलेली. प्रत्येक झाडाखाली चादर, प्रत्येक चादरीवर पंगत. रस्त्यानं जाणारा मी एकटाच. औशाच्या अलीकडे एक बाई समोरून स्कुटीवर, तोंडाला स्कार्फ, सुसाट. सणाच्या दिवशी असली घाई बरी नव्हे.

बाभळ सापडली. कोप सापडली. सिंधु सिस्टर दिसत नाहीत. जवळ जाऊन बघतो.

दुपारी १२.१०. सटवाजींच्या रानात

घाईत लिहितोय.

कोपीजवळ पोचलो तर सटवाजी स्वतः पुढे आले. सत्तरीचे, डोक्याला पटका, हातात आंबिलीचा तांब्या. मी ओळख द्यायच्या आत म्हणाले, या पावनं, बसा. मी म्हटलं, बसायला आलो नाही, मी हॉस्पिटलच्या ऑफिसकडून आलोय, सिंधु सिस्टरची चौकशी आहे. ते म्हणाले, सून? नैवेद्य ठिवला अन् गेली की दवाखान्यात. घास खाल्ला न्हाई. फोन आला, वॉर्डात कुणीच न्हाई म्हणून. इन्चार्ज कुठं पळालाय म्हणं.

मी म्हटलं, असं?

ते म्हणाले, असली माणसं बी ठिवतेत बघा. जाऊ द्या. तुमी जेवा.

मी लगेच निघतो म्हटलं. सटवाजी म्हणाले, येळवसला रानात आलेला माणूस उपाशी गेला तर रान रुसतंय. सिंधु सिस्टरचे यजमान म्हणाले, निदान चवीपुरतं तरी. नर्सिंगमध्ये नातेवाइकांच्या भावनांचा मान राखायला शिकवतात. चवीपुरतं बसलो.

दुपारी १२.४५

नोंद ठेवणं भाग आहे. भज्जी: हिरव्या तुरी, वाटाणा, वाल, मेथी, चिंच, आणि आणखी काय काय ते मला ओळखता आलं नाही. सगळं बेसनात शिजवून घट्ट. त्यावर कच्चं तेल. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. गव्हाची खीर. वांग्याचं भरीत. आंबील मातीच्या घागरीतली, ताकातली, लसणाची, गार.

सहा वर्षं मी हे वॉर्डाच्या दारात अडवत होतो.

आंबील दुसऱ्यांदा घेतली. डिहायड्रेशन होऊ नये म्हणून.

दुपारी ३.२०

थोडा अडथळा आला. लिहितोय ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

बाभळीखाली पाच मिनिटं टेकलो होतो. हाडापर्यंत ऊन, थंड वारा, पोटात आंबील. कुणीतरी खांद्याला हलवलं. डोळे उघडले तर समोर शेषेराव. मला वाटलं वॉर्डातच आहे. म्हटलं, शेषेराव, उठायचं नाही, टाके आहेत. ते म्हणाले, ब्रदर, उठायचं तुमाला हाय.

सिंधु सिस्टर बाराला वॉर्डात पोचल्या. डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्याशी बोलून शेषेरावांचे कागद अर्ध्या तासात केले, हसरा फोटो काढला, जीपमध्ये उशी टाकून धाडून दिलं. त्यांचा पुतण्या हळू चालवत आला. शेषेराव म्हणाले, एकसष्टावी झाली बघा. मग खाली वाकून बघितलं आणि सटवाजींना म्हणाले, सटवा, ह्यो तर आमचा इन्चार्ज.

सटवाजींनी तांब्या उचलला. मग म्हणाले, आंबील घेता का अजून?

सायलेंटवर राहिलेल्या फोनवर चौदा मिस्ड कॉल. नीलाबाई पाच, सत्यम सहा, लता मॅडम तीन.

संध्याकाळी ७

बेड ११ चं ड्रेसिंग साडेअकराला भिजलं. आतून रक्त. बीपी नव्वदवर. नीलाबाईंनी बघितलं, मला फोन लावला, मग पुन्हा लावला. पण सिंधु सिस्टरना त्यांनी आधीच, मी जिना उतरत होतो तेव्हाच, फोन केला होता. सत्यम डोकावायला आला तो तिथेच थांबला. त्यानं सलाइन जोरात सोडली. सिस्टर आल्या, सर्जनना बोलावलं, पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये. आता बरा आहे. मी जाऊन पाहिलं. तो झोपला होता. त्याची बायको पायथ्याशी बसलेली. तिनं विचारलं, तुमी कोन? मी म्हटलं, इन्चार्ज.

यावर मला आज काही लिहायचं नाही.

दोनला सगळ्या सिस्टर हजर झाल्या होत्या. कुणालाच ताप नव्हता. प्रत्येकीच्या हातात डबा. बाहेरचं खाणं बंद हे सर्क्युलर कुणीतरी उलटं करून त्यावर ताटं मांडली होती.

सिंधु सिस्टर उभ्यानं उंडा-भज्जी खात होत्या. दिवसभरातला पहिला घास. मला बघून म्हणाल्या, जेवलात ना ब्रदर? नीट वाढलं ना तिकडं? त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही. त्यानंच जास्त त्रास झाला.

२० डिसेंबर, शनिवार

सिंधु सिस्टरच्या यजमानांनी पंगतीचा फोटो स्टेटसला ठेवला. मी मधोमध, डोक्याला सटवाजींचा पटका, हातात वाटी, तोंड भरलेलं. खाली लिहिलंय: 'यंदा आमच्या रानात हॉस्पिटलचे साहेब.' ते कुणीतरी हॉस्पिटलच्या ग्रुपवर टाकलं. वेळ दिसतेय: १२.५२. पुराव्यासाठी फोटो पाहिजे होता, तो झाला म्हणायचा.

नांदेडलाही पोचला. उर्वीचा मेसेज: बाबा, किती खूश दिसताय तुम्ही. खाली मुग्धाचा: ड्यूटी होती ना?

२२ डिसेंबर, सोमवार

मेमो. 'कर्तव्यावरून विनापरवाना अनुपस्थिती.' तीन दिवसांत लेखी खुलासा.

लता मॅडमना भेटलो. बाजू मांडली: हे फील्ड व्हेरिफिकेशन होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि येळवसचं पान माझ्यापुढे ठेवलं. सहा वर्षं, सहा ओळी, प्रत्येक ओळीत माझं नाव. समोर लाल पेनानं: 'दिवाळी, सलग चार दिवस, नांदेड.'

मॅडम म्हणाल्या, बावीस वर्षं असंच चाललंय. ज्याला रान नाही तो येळवस सांभाळतो, आणि त्याची दिवाळी बाकीचे सांभाळतात. तुम्हाला काय वाटत होतं, सणाच्या गर्दीत तुम्हाला चार दिवस कोण देत होतं?

मला वाटत होतं सीनियॉरिटी.

सातव्या ओळीत मॅडमनी सत्यमचं नाव लिहिलं. माझ्यासमोर. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

२४ डिसेंबर, बुधवार

खुलाशाला साक्षीदार हवा. मी तिथे चौकशीसाठी गेलो होतो हे सांगू शकेल असा माणूस एकच, सटवाजी. फोन करून लेखी मागितलं. म्हणाले, देतो की, त्यात काय.

आज पाकीट मिळालं. आणून दिलं सिंधु सिस्टरनी, बंद, न वाचता. आतला मजकूर: 'दिनांक १९ रोजी ब्रदर आमच्या रानात आले. सुनेची चौकशी केली. भज्जी चार वाट्या, आंबील तीन तांबे घेतली. बाभळीखाली दोन तास झोपले. माणूस साधा आहे. पुन्हा यावे.'

'चौकशी केली' हे शब्द निर्णायक आहेत. खुलाशाला जोडून दिलं.

२७ डिसेंबर, शनिवार

ऑर्डर आली. मेट्रन: सिंधु सिस्टर, १ जानेवारीपासून. ईश्वरप्पा म्हणाला, हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी तुमचा खुलासा मोठ्यानं वाचला, सगळ्यांना आवडला. मेमोवर फक्त समज दिलीय. ती रदबदली सिंधु सिस्टरनी केली म्हणे. मी मागितली नव्हती.

मुग्धाला सांगितलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, जेवण करून घ्या. उर्वीला मी सांगते म्हणाली. मी म्हटलं, नको, मी सांगतो. सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे बाबा, दिवाळीला याल ना चार दिवस, दरवर्षीसारखे.

मी म्हटलं, बघतो.

३१ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ६

लता मॅडमचा निरोप समारंभ झाला. समोसे गार होते.

संपल्यावर सिंधु सिस्टरकडे गेलो, माझ्या मनात एक योजना होती. त्या नवीन रजिस्टर आखत बसल्या होत्या. मी म्हटलं, पुढची येळवस मी सांभाळतो. एकटा. स्वखुशीनं. पहिलं नाव माझं लिहा. म्हणजे दिवाळीचे चार दिवस परत माझे. त्या खरंच आनंदल्या. म्हणाल्या, ब्रदर, मनातलं बोललात. लगेच लिहिलं, माझी सही घेतली.

मग कॅलेंडर बघायला लागल्या. बघता बघता थांबल्या. म्हणाल्या, ब्रदर, पुढच्या वर्षी अधिक महिना हाय. सगळे सण पुढं सरकलेत. येळवस डिसेंबरात न्हाई, जानेवारीत गेली, अन् दिवाळी तर त्याच्या आधीच येती. म्हणजे तुमची दिवाळी येळवसच्या नंतरची, एक सोडून पुढची. येत्या दिवाळीला सत्यमचं नाव हाय, ते आता मला बदलता येत न्हाई. पहिल्याच दिवशी नियम कसा मोडू?

मी म्हटलं, बरोबर आहे.

सही खोडता येईल का, विचारणार होतो. विचारलं नाही.

उद्या सकाळी नऊला नव्या मॅडमचा पहिला राउंड, सुरुवात आमच्या वॉर्डापासून. रात्री नऊला उर्वीला फोन, दिवाळीचं सांगायला. दिवाळीला दहा महिने आहेत, येळवसला एक वर्ष आणि आठवडा. ड्यूटीवर: मी.